अ‍ॅप विकायला निघताय? स्टोअरचं कमिशन, स्टोअरची सक्ती आणि स्पर्धा आयोगाचं दार

एमपीएससीच्या सराव परीक्षा, हार्मोनियमचे धडे, मराठी ऑडिओ गोष्टी, लहान मुलांसाठी बाराखडीचे खेळ असं काही तयार करून अ‍ॅपमधून विकायचा विचार असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कोड कसा लिहायचा ते यात नाही. अ‍ॅप तयार झाल्यावर ज्या दारातून ते ग्राहकापर्यंत जातं, त्या दाराचे नियम काय, तिथे किती पैसे कापले जातात आणि दारवानाने अडवलं तर भारतात दाद कुठे मागायची, एवढं यात आहे.

भारतातले बहुतेक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात आणि अँड्रॉइडवर बहुतेक माणसं प्ले स्टोअरमधूनच अ‍ॅप घेतात. आयफोनवर तर भारतात अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरशिवाय दुसरं दुकानच नाही. म्हणजे तुमचा धंदा दोन परक्या कंपन्यांच्या नियमावलीवर उभा राहणार. ती नियमावली आधी वाचलेली बरी.

पहिली पायरी: नेमकं काय विकताय ते ठरवा

सगळ्या विक्रीवर कमिशन लागत नाही, आणि अनेक नवख्यांना हेच माहीत नसतं. प्रत्यक्ष वस्तू किंवा अ‍ॅपच्या बाहेर मिळणारी सेवा विकत असाल, म्हणजे किराणा, रिक्षा, नाटकाचं तिकीट, आंब्याची पेटी, तर दोन्ही स्टोअर तुम्हाला हवं ते पेमेंट गेटवे (ग्राहकाकडून ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) वापरू देतात आणि त्या विक्रीतला वाटा मागत नाहीत. अ‍ॅपमध्येच वापरायची डिजिटल गोष्ट विकलीत की मात्र त्यांची बिलिंग पद्धत आणि त्यांचं कमिशन आलं.

दिवाळी अंकाचं उदाहरण घ्या. छापील अंक अ‍ॅपवरून मागवला आणि पोस्टाने घरी आला, तर स्टोअरचा संबंध नाही. त्याच अंकाची ई-आवृत्ती त्याच अ‍ॅपमध्ये वाचायला विकली, तर कमिशन लागू. लेखक तेच, मजकूर तोच, ग्राहकही तोच. शिकवणी घेणाऱ्यांसाठी अ‍ॅपलच्या नियमात आणखी एक भेद आहे: एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला थेट शिकवलं तर पैसे बाहेरच्या मार्गाने घेता येतात, पण एकाच वेळी अनेकांना शिकवलं तर अ‍ॅपलचीच पद्धत वापरावी लागते. तेव्हा विक्रीची यादी आधी कागदावर काढा आणि प्रत्येक ओळीसमोर डिजिटल की प्रत्यक्ष ते लिहा. पुढचा सगळा हिशेब या यादीवर चालतो.

दुसरी पायरी: कमिशनचा हिशेब स्वतः मांडा

खातं उघडायला गुगल एकदाच २५ डॉलर घेतं, अ‍ॅपल दर वर्षी ९९ डॉलर. हा खर्च किरकोळ आहे. खरा प्रश्न विक्रीतल्या वाट्याचा. दोन्हीकडे जुना ठरलेला दर ३० टक्के. छोट्या विक्रेत्यांसाठी अ‍ॅपलने जानेवारी २०२१ पासून आणि गुगलने जुलै २०२१ पासून तो १५ टक्क्यांवर आणला. गुगलकडे वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलर कमाईवर हा दर मिळतो. सबस्क्रिप्शनसाठी गुगलने जानेवारी २०२२ पासून सरसकट १५ टक्के केले. हे दर बदलत राहतात, म्हणून किंमत ठरवायच्या दिवशी कन्सोलमधला (स्टोअरवरच्या तुमच्या विक्रेता-खात्यातला) आजचा दर बघूनच पुढे जा. आणखी एक, सवलतीचा दर आपोआप लागेल असं गृहीत धरू नका. गुगलकडे खात्यांचा गट तयार करून नोंदणी करावी लागते, अ‍ॅपलकडे छोट्या व्यवसायांच्या योजनेसाठी अर्ज करावा लागतो. ते राहून गेलं तर, गुगलचं सबस्क्रिप्शन सोडून, दुप्पट कापले जातात.

आता १९९ रुपयांचं मासिक सबस्क्रिप्शन घेऊ. जीएसटी बाजूला ठेवू. १५ टक्क्यांनी २९ रुपये ८५ पैसे जातात, तुमच्या हातात १६९ रुपये १५ पैसे येतात.

भारतात गुगल दुसरा पर्यायही देतं. ग्राहकाला तुमचं स्वतःचं बिलिंग निवडू द्या, कमिशन ४ टक्क्यांनी कमी होईल. म्हणजे ११ टक्के, २१ रुपये ८९ पैसे. पण मग पेमेंट गेटवे तुमचं. ते २ टक्के घेतं असं धरलं तर ३ रुपये ९८ पैसे. एकूण गेले २५ रुपये ८७ पैसे, हातात १७३ रुपये १३ पैसे. फरक जेमतेम ४ रुपयांचा. त्या बदल्यात दोन्ही पर्याय ग्राहकापुढे दाखवायचे, प्रत्येक व्यवहार गुगलला कळवायचा, परतावा आणि ग्राहकांचे फोनही तुम्हीच सांभाळायचे. हजार ग्राहकांमागे महिन्याला ३,९८० रुपये वाचतात. एवढ्यात एक अर्धवेळ माणूसही मिळत नाही.

तेच सबस्क्रिप्शन स्वतःच्या संकेतस्थळावर विकलं तर फक्त गेटवेचे ३ रुपये ९८ पैसे जातात आणि १९५ रुपये २ पैसे उरतात. ज्या पर्यायाने खरंच काही वाचत नाही, तो पर्याय दिल्याने सक्ती संपली असं मला वाटत नाही. भारतातल्या स्टार्टअप्सचं मुख्य गाऱ्हाणं नेमकं इथेच आहे.

गुगलची बाजूही माहीत असावी. त्यांचं म्हणणं असं की हे शुल्क फक्त पैसे वळते करण्याचं नाही. अ‍ॅप साठवणं, तपासणं, अद्ययावत करणं, कोट्यवधी लोकांपर्यंत पोचवणं आणि अँड्रॉइड फुकट देणं हे सगळं त्यातून चालतं, आणि फुकट अ‍ॅप देणाऱ्यांकडून ते काही घेत नाहीत. यात तथ्य आहे. म्हणूनच पुढे पाचव्या पायरीत मी दरापेक्षा सक्तीवर जोर दिला आहे.

तिसरी पायरी: ग्राहकाशी थेट नातं ठेवा

मला विचाराल तर पहिल्या दिवशी करायचं सर्वात महत्त्वाचं काम हेच. साधं का होईना, स्वतःचं संकेतस्थळ ठेवा, तिथे पैसे भरायची सोय ठेवा आणि ग्राहकाच्या संमतीने त्याचा ईमेल किंवा फोन नंबर स्वतःकडे ठेवा.

गुगल अशी अ‍ॅप चालू देतं ज्यात विक्रीच नसते. ग्राहक बाहेर पैसे भरतो आणि अ‍ॅपमध्ये लॉगिन करून आपली सामग्री वापरतो. अट एवढीच की अ‍ॅपच्या आत ‘इथे स्वस्त मिळेल’ असं लिहायचं नाही आणि तिकडची लिंक द्यायची नाही. अ‍ॅपच्या बाहेर, म्हणजे ईमेलमध्ये, संकेतस्थळावर, क्लासच्या फलकावर तुम्ही भाव मोकळेपणाने सांगू शकता.

हे नातं नसलं तर काय होतं ते १ मार्च २०२४ रोजी देशाने पाहिलं. शुल्काच्या वादात गुगलने काही भारतीय कंपन्यांची अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढली. भारत मॅट्रिमोनी, शादी, नोकरी, ९९एकर्स, कुकू एफएम अशी घराघरांत माहीत असलेली नावं त्यात होती. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी दखल घेतली, दोन्ही बाजूंना बोलावलं आणि काही दिवसांत अ‍ॅप परत आली. मोठ्या कंपन्यांसाठी मंत्री मध्ये पडले. सोलापुरात बसून दोन जणांनी चालवलेल्या अ‍ॅपसाठी कोणी पडेलच असं नाही.

दुसरी दुकानंही बघून ठेवा. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं इंडस ओएस पुढे फोनपेने घेतलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस अ‍ॅपस्टोअर आणलं. ते मराठीसह १२ भारतीय भाषांत आहे आणि अ‍ॅपमधल्या विक्रीला बाहेरचं पेमेंट गेटवे चालतं. ग्राहक अजून प्ले स्टोअरइतके नाहीत, पण नोंदणी करून ठेवायला हरकत नाही. संकेतस्थळावरून थेट अ‍ॅपची फाइल देणंही अँड्रॉइडवर शक्य आहे. फोन मात्र धोक्याचे इशारे दाखवतो आणि नवखा ग्राहक तिथेच थांबतो. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की पुढे अशा बाहेरून घेतलेल्या अ‍ॅपच्या निर्मात्यांनाही आपली ओळख पडताळून घ्यावी लागेल, तेव्हा या वाटेवरही लक्ष ठेवा.

चौथी पायरी: पहिल्या दिवसापासून दप्तर ठेवा

वाद झाल्यावर कागद गोळा करणं फार अवघड जातं, कारण कन्सोलमधल्या सूचना बदलतात आणि धोरणाची पानं गुपचूप नवी होतात. म्हणून दर वेळी अटी मान्य करताना त्या पानाची पीडीएफ तारखेसह जतन करा. अ‍ॅप नाकारलं गेलं तर तो ईमेल, तुमचं अपील, त्यांचं उत्तर, सगळं एका फोल्डरमध्ये. त्या महिन्यात किती डाउनलोड घटले, किती परतावे द्यावे लागले ते तक्त्यात. फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी ‘आज आपलं असं बोलणं झालं’ असा ईमेल पाठवा.

पाचवी पायरी: गाऱ्हाणं दराचं की सक्तीचं, ते वेगळं करा

बहुतेकांचा राग ‘तीस टक्के म्हणजे लूट’ अशा शब्दांत बाहेर पडतो. राग समजण्यासारखा आहे, पण कायद्यापुढे तो तसाच नेला तर टिकणं कठीण. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ४ नुसार मोठं असणं हा दोष नाही. बाजारात वर्चस्व आहे आणि त्या वर्चस्वाचा गैरवापर झाला, हे दोन्ही दिसावं लागतं. गैरवापर कशाला म्हणायचं तेही कलमात आहे: अन्याय्य किंवा भेदभावाच्या अटी वा किमती लादणं, उत्पादन किंवा तांत्रिक विकास रोखणं, दुसऱ्याला बाजारात शिरू न देणं, कराराशी संबंध नसलेल्या गोष्टी गळ्यात मारणं, आणि एका बाजारातली ताकद वापरून दुसरा बाजार काबीज करणं.

आता या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑक्टोबर २०२२ चा आदेश या चौकटीत ठेवून बघा. प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणाबद्दल आयोगाने गुगलला ९३६ कोटी ४४ लाख रुपये दंड केला. (त्याच्या पाचच दिवस आधी अँड्रॉइड फोनवर गुगलची अ‍ॅप आधीच भरून देण्याबद्दल १,३३७ कोटी ७६ लाखांचा वेगळा दंड झाला होता. हे दोन आदेश लोक सर्रास एकमेकांत मिसळतात.) बिलिंगच्या आदेशात योग्य दर किती टक्के, हा मुख्य प्रश्नच नव्हता. प्ले स्टोअरवर यायचं असेल तर गुगलचंच बिलिंग वापरा ही अट अन्याय्य, असं आयोग म्हणाला. गुगल आपल्याच यूट्यूबला वेगळी वागणूक देतं, हा भेदभावही त्यात नोंदला गेला.

यूपीआयचा भाग तर प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. त्या काळी प्ले स्टोअरवर खरेदी करताना गुगल पे निवडलं की ते अ‍ॅप आपोआप उघडायचं, पिन टाकला की काम झालं. दुसरं यूपीआय अ‍ॅप असेल तर आधी आपला यूपीआय आयडी टाइप करायचा, मग प्ले स्टोअर सोडून त्या अ‍ॅपमध्ये जायचं, तिथे आलेली पैशांची मागणी शोधायची, ती मंजूर करायची, पिन टाकायचा आणि परत यायचं. वाटेत नेट गेलं किंवा वेळ संपली तर पुन्हा पहिल्यापासून. कोणालाही बंदी नव्हती, सगळी अ‍ॅप ‘उपलब्ध’ होती. तरीही पायऱ्या मोजल्या की कोणाला पुढे ढकललं जातंय ते दिसत होतं. तुमचं गाऱ्हाणं मांडताना हीच पद्धत वापरा. स्टोअरच्या मालकाच्या स्वतःच्या अ‍ॅपला किती पायऱ्या आणि तुमच्या अ‍ॅपला किती, ते स्क्रीनशॉटसह दाखवा.

बाजार कोणता, हेही नीट लिहायला हवं. अ‍ॅपलविरुद्धच्या प्रकरणात अ‍ॅपलने सांगितलं होतं की भारतात आमचा वाटा ० ते ५ टक्के, मग वर्चस्व कसलं? ३१ डिसेंबर २०२१ रोजी चौकशीचा आदेश देताना आयोगाने तो मुद्दा मानला नाही. अ‍ॅप बनवणाऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर बाजार ‘आयओएससाठीच्या अ‍ॅप स्टोअरचा’ आहे आणि आयफोनवाल्या ग्राहकापर्यंत जायला तिथे एकच दार आहे. फोन विकत घेणाऱ्याच्या नजरेतून बाजार लिहिलात तर हराल. अ‍ॅप विकणाऱ्याच्या नजरेतून लिहा.

सहावी पायरी: आयोगाकडे जाणं

दिवाणी न्यायालयात धाव घेण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. काही स्टार्टअप्स मद्रास उच्च न्यायालयात गेले होते, आणि २०२३ मध्ये त्यांचे बहुतेक दावे फेटाळले गेले, कारण हे विषय स्पर्धा आयोगाच्या अखत्यारीत येतात असं न्यायालयाचं मत पडलं. तेव्हा दार आयोगाचंच.

आयोग दिल्लीत आहे. कलम १९ खाली कोणीही त्याच्याकडे ‘माहिती’ (या कायद्यात तक्रारीला हाच शब्द आहे) दाखल करू शकतो: व्यक्ती, कंपनी, ग्राहक संघटना, व्यापारी संघटना. स्वतःचं नुकसान झालेलं असलंच पाहिजे असंही नाही. ओला-उबरच्या प्रकरणात १५ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. अँड्रॉइडचं ते १,३३७ कोटींचं प्रकरण तिघा तरुणांनी दाखल केलेल्या माहितीतून उभं राहिलं, आणि अ‍ॅपलविरुद्ध राजस्थानातल्या एका छोट्या संस्थेने सुरुवात केली. शुल्क भरावं लागतं. व्यक्तीला कमी, कंपनीला उलाढालीप्रमाणे जास्त. चालू दर आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतील.

स्टोअर चिडेल आणि अ‍ॅप काढेल ही भीती खरी आहे. त्यासाठी ओळख गोपनीय ठेवण्याची विनंती करता येते. प्ले स्टोअर बिलिंगचं प्रकरण २०२० साली ज्याने सुरू केलं, त्याचं नाव आदेशावरही नाही, तिथे ‘एक्सवायझेड’ एवढंच छापलेलं आहे.

माहितीत काय असावं? तुम्ही कोण, समोर कोण, बाजार कोणता, वर्चस्व का मानायचं, कलम ४ मधल्या कोणत्या प्रकारात वागणूक बसते, पुरावे आणि तुम्हाला काय हवं. थोडक्यात आणि क्रमाने लिहा. वकील घेतला तर उत्तम, पण घटनाक्रम तुम्ही स्वतः लिहून द्या, तो तुमच्याइतका कोणाला माहीत नसतो. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आयोग कलम २६(१) खाली महासंचालकांना (आयोगासाठी तपास करणारे अधिकारी) चौकशी सांगतो, नाही दिसलं तर प्रकरण बंद करतो. बंद करण्याच्या आदेशावर राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात अपील करता येतं. तातडीची गरज असेल तर कलम ३३ खाली अंतरिम दिलासा मागता येतो, मात्र तो सहज मिळत नाही. मार्च २०२४ मध्ये आयोगाने गुगलच्या नव्या शुल्काची चौकशी सुरू केली, पण त्याच महिन्यात अंतरिम दिलासा नाकारला.

वेळ किती लागतो ते मनात पक्कं करूनच यात उतरा. बिलिंगचं प्रकरण २०२० मध्ये सुरू झालं, आयोगाचा आदेश २०२२ मध्ये आला, मार्च २०२५ मध्ये न्यायाधिकरणाने दंड २१६ कोटी ६९ लाखांवर आणला आणि त्यानंतर सगळे सर्वोच्च न्यायालयात गेले. दंड इतका उतरला तो मुख्यतः हिशेबाचा पाया बदलल्याने. पूर्ण कंपनीची नव्हे, प्ले स्टोअरची उलाढाल धरली गेली. मार्च २०२४ पासून दंड मोजताना जगभरची उलाढाल धरण्याची तरतूद आली आहे आणि अ‍ॅपलने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे.

बाहेरच्या देशांत चाक वेगाने फिरतंय. दक्षिण कोरियाने २०२१ मध्येच बिलिंगच्या सक्तीविरुद्ध कायदा केला. युरोपीय संघाचा डिजिटल बाजार कायदा मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांवर लागू आहे आणि ग्राहकांना बाहेरचे स्वस्त पर्याय सांगण्यापासून विक्रेत्यांना रोखल्याबद्दल एप्रिल २०२५ मध्ये अ‍ॅपलला ५० कोटी युरो दंड झाला. अमेरिकेत एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी एप्रिल २०२५ मध्ये विक्रेत्यांना बाहेरचे पर्याय सांगू द्या हा न्यायालयाचा आदेश मोडल्याबद्दल अ‍ॅपलला दोषी धरलं. त्यामुळे अमेरिका-युरोपातल्या मराठी माणसांना अ‍ॅप विकत असाल तर तिथले नियम वेगळे वाचा. तिकडे जे चालतं ते भारतातल्या खात्यावर आपोआप चालत नाही. आपल्याकडे युरोपसारख्याच कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये समितीने सादर केला. गैरवापर सिद्ध होईपर्यंत न थांबता काही वागणुकींना आधीच मनाई करायची, ही त्यामागची कल्पना. छोट्या विक्रेत्यांना वर्षानुवर्षं लढायची ऐपत नसते, म्हणून मला तो कायदा व्हावासा वाटतो.

पैशांबद्दल गैरसमज नको. आयोग दंड करतो तो सरकारजमा होतो, तुमच्या खात्यात येत नाही. गैरवापर सिद्ध झाल्यावर भरपाईसाठी कलम ५३एन खाली न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तिथे नुकसानीचा आकडा तुम्हालाच मांडून दाखवावा लागतो.

शेवटचं, मुदतीचं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर प्रसंग घडल्यापासून तीन वर्षांच्या आत माहिती दाखल करावी लागते. उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नका. अ‍ॅप नाकारल्याचा किंवा काढल्याचा ईमेल ज्या दिवशी आला, ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि तिच्यापुढे दोन वर्षांनी एक आठवण लावून ठेवा, म्हणजे वकील गाठायला आणि कागद लावायला वर्षभर हाताशी राहील.